वरचा खाली आला

बांधकामावर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून साठ मीटर उंच, तो सकाळी सातला जाऊन बसायचा तो संध्याकाळीच उतरायचा. एखाद्या नव्या कामगारानं सळयांचा भारा कुठं ठेवायचा असं विचारलं, की जुनी मंडळी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत, ''वरच्याला विचार.'' नवा बिचारा आभाळाकडे बघायचा. तसं पाहिलं तर बरोबरच बघायचा.

वरच्याचा जोडीदार होता खालचा. ओझं नीट बांधायचं, हुकाला अडकवायचं आणि वॉकीटॉकीवरून वर सांगत राहायचं, उचल, थांब, डावीकडे घे, आता वीतभर खाली, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं आणि पाच इमारती दोघांनी मिळून उभ्या केल्या होत्या. खालचा शिंकला तर ती सर्दी आहे की सिमेंटची धूळ, हे वरच्याला साठ मीटरवरून कळायचं. आणि वरच्यानं ''हं'' म्हटलं, तर त्या ''हं''मध्ये होकार किती आणि कंटाळा किती, हे खालच्याला.

कामात वरच्याचा हात फार नाजूक होता. दोन टनांची भिंत तो अशी अलगद टेकवायचा की खाली उभ्या असलेल्या गवंड्याच्या कपातला चहा हलायचा नाही. पण हा नाजूकपणा केबिनमध्येच संपायचा. जेवायला बसला की 'थोडं' हा शब्द त्याच्या गावीही नसायचा. तळलेलं मांस, चार अंडी, जाड चीज लावलेला पाव असा चारमजली डबा पाठीवर टाकून तो वर न्यायचा. केबिनच्या कोपऱ्यात बिस्किटांचे पुडे असायचे ते वेगळेच. दिवसभर बसून काम, बसूनच जेवण. व्यायामाचं कुणी विचारलं तर तो शिडीकडे बोट दाखवायचा. रोज साठ मीटर चढतो न् साठ मीटर उतरतो, आणखी काय पाहिजे?

एका मंगळवारी सकाळी तो शिडीच्या चौथ्या टप्प्यावर बसला आणि त्याला उठवेना. दर सहा मीटरवर एक लोखंडी फळी असते, तिथं घटकाभर टेकायची सवय त्याला दोन वर्षांपासून लागली होतीच. पण त्या दिवशी छातीत भाता चालावा तसा श्वास चालला होता आणि कानात शिट्टी वाजत होती. खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला.

''वरच्या, पोहोचलास का?''

वरच्यानं दोनदा श्वास गिळला आणि बटण दाबलं. ''कधीच. खुर्चीत बसलोय.''

पलीकडे जरा वेळ नुसती खरखर होती. मग खालचा म्हणाला, ''बरं.''

वरचा आणखी दहा मिनिटांनी उठला, हळूहळू केबिन गाठली, आणि तो दिवस नेहमीसारखाच पार पडला. पण दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं त्याला पत्र्याच्या ऑफिसात बोलावून वैद्यकीय तपासणीचा कागद हातात दिला. तपासणी खरं तर चार महिन्यांनी व्हायची होती. हे अचानक कुणाच्या सांगण्यावरून, असं वरच्यानं विचारलं तेव्हा सुपरवायझर टेबलावरचे नकाशे उगाच सरळ करू लागला. वरचा समजायचं ते समजला.

तपासणारी डॉक्टर त्याच्या भाचीच्या वयाची होती. तिनं त्याला वजनकाट्यावर उभं केलं, दंडाला पट्टा आवळला, रक्त घेतलं, आणि मग एका लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढउतार करायला सांगितलं. दुसऱ्याच मिनिटाला तिनं हात वर करून त्याला थांबवलं. दोन दिवसांनी अहवाल आले. वजन एकशे चार. रक्तदाब चढलेला, रक्तातली साखर हद्दीच्या बाहेर पाऊल टाकलेली, चरबीचा आकडा तर तिनं मोठ्यानं वाचलाच नाही, नुसतं त्यावर बोट ठेवलं.

वरच्यानं आपली बाजू मांडली. हात स्थिर आहेत, नजर शाबूत आहे, एकोणीस वर्षांत एक वीटही पाडलेली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

''काका, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही,'' ती म्हणाली. ''पण वर चक्कर आली तर तुम्हाला खाली आणणार कोण? आणि तेव्हा हुकाखाली कोण उभं असेल?''

हुकाखाली कोण उभं असतं हे वरच्याला चांगलं ठाऊक होतं.

बारा आठवडे जमिनीवर काम, मग पुन्हा तपासणी, असं तिनं कागदावर लिहिलं. रक्तदाबाची गोळी दिली. चालायला सांगितलं. खाण्याचं सांगताना म्हणाली, भाज्या, डाळी, कडधान्यं, फळं वाढवा, मांस आणि तेलतूप कमी करा. कमी म्हणजे किती, असं वरच्यानं विचारलं. आधी निम्म्यावर या, ती म्हणाली.

''निम्मं मला जमत नाही, डॉक्टर. सिगारेट तीनदा निम्मी करून बघितली, तिन्ही वेळा दुप्पट झाली. चौथ्यांदा सगळी टाकली तेव्हा सुटली. माझं एक तर सगळं, नाही तर काहीच नाही.''

डॉक्टरनं पेन खाली ठेवून त्याच्याकडे नीट बघितलं. मग नवा कागद घेतला. सगळंच बंद करायचं तर मांस, अंडी, दूध सोडल्यावर अंगात काय कमी पडतं, ते कशातून भरून काढायचं, कुठलं जीवनसत्त्व गोळीनं घ्यावंच लागतं, हे तिनं एकेक करून लिहून दिलं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. वरच्यानं तो घडी करून हेल्मेटच्या आत खोचला.

घरी बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं. ती कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे कमीजास्त करून द्यायची. वरच्यानं तिला आकडे सांगितले आणि वर म्हणाला की त्या काट्यावरच त्याचा विश्वास नाही. एवढं वजन वाढलं असतं तर कळलं नसतं का? गेली सहा वर्षं तो त्याच चार पँटी घालतोय, एकही आवळत नाही.

बायको उठली, आत जाऊन एक पँट घेऊन आली, आणि तिनं कमरेची पट्टी उलटी करून त्याच्यापुढे धरली. मागच्या शिवणीत कापडाची एक पाचर घातलेली होती. त्या पाचरीत आणखी एक. दोन्ही इतक्या बेमालूम की रंगाचा जरासा फरक सोडला तर शोधून सापडल्या नसत्या.

''दर उन्हाळ्यात बोटभर. आधी शिवण सैल केली, मग पाचरी घातल्या,'' ती म्हणाली.

''सगळ्या पँटी?''

''चारही. आणि तो लग्नाकार्याचा कोट.''

''मला सांगितलं नाहीस ते?''

''तुम्हाला वाईट वाटलं असतं.'' ती पँट पुन्हा सुलटी करू लागली. ''आधी वाटायचं, एवढंसं तर आहे. मग ते एवढंसं दर वर्षीच व्हायला लागलं, आणि मग सांगायची वेळ निघून गेली.''

वरच्याला राग यायला हवा होता. तो आलाही असता, पण त्या पाचरींची शिवण बघता बघता त्याला हसू फुटलं. सहा वर्षं ही बाई त्याचं पोट लपवत होती आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. तो पोट धरून हसला, तेव्हा तीही डोळे पुसत हसली. हसणं थांबल्यावर तिनं बजावलं, की यापुढे ती कापड लावणार नाही. काढायचं झालं तर काढेल.

सोमवारपासून वरचा खाली कामाला लागला. काम कोणतं, तर खालच्याच्या हाताखाली ओझी बांधायचं. त्याच्या क्रेनवर कंपनीनं दुसऱ्या साइटवरची एक मुलगी पाठवली. अंगानं एवढीशी, शिडी चढायची ती खारीसारखी सरसर. दोन दिवसांत तिचं नाव 'चिमणी' पडलं. वरचा मान मागे टाकून तिचं काम बघायचा आणि खोट काढायला बघायचा. खोट सापडत नव्हती, त्यानं तो आणखी घुसमटायचा.

खालच्याशी तो बोलत नव्हता. म्हणजे कामापुरतं बोलायचा, ''साखळी दे,'' ''गाठ बघ,'' आणि पुढे हूं की चूं नाही. एकोणीस वर्षं ज्या आवाजाशी तो दिवसभर गप्पा मारायचा, तो आवाज आता हातभर अंतरावर होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. खालचाही काही बोलला नाही. तो आपला शांतपणे साखळ्या मोजायचा.

पोटाचीही तीच तऱ्हा. पहिले दोन आठवडे वरच्याच्या नाकी नऊ आले. सकाळी ओटची लापशी, तीही सोयाच्या दुधात. दुपारी राजमा, चणे, कोबी. बायकोनं डाळीचे कटलेट केले, ते तव्यावर टाकताच त्यांचा चुरा झाला. तिनं तो चुरा चमच्यानं गोळा करून वाढला आणि म्हणाली की हे असंच असतं. कडधान्यांनी पोटात जो धुमाकूळ घातला त्याबद्दल न बोललेलंच बरं. केबिनमध्ये एकटा असता तर चाललं असतं, पण खाली चार माणसांत वरचा सारखा वाऱ्याची दिशा बघून उभा राहायचा. झोपेत त्याला भाजलेल्या मांसाचे वास यायचे. एकदा तर तो जागा झाला तेव्हा उशीचं टोक तोंडात होतं.

आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो शटरिंगच्या फळ्यांच्या ढिगावर बसून डबा उघडत होता. खालचा त्याच ढिगाच्या दुसऱ्या टोकाला होता. वरच्याची नजर सहज तिकडे गेली. खालच्याच्या डब्यात पावाचे दोन तुकडे आणि एक उकडलेलं अंडं होतं. आदल्या दिवशीही तेच होतं. आणि त्याच्या आदल्या दिवशीही, हे आता वरच्याच्या ध्यानात आलं.

खालच्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, हे वरच्याला माहीत होतं. ती आजारी पडली ते, दवाखान्यात नेलं ते, शेवटचं कळलं ते, सगळं त्यानं वॉकीटॉकीवर ऐकलं होतं. पण त्यानंतर हा माणूस जेवतो काय, हे साठ मीटरवरून कधी दिसलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते दोघे एकत्र जेवलेच नव्हते. एक वर खायचा, एक खाली.

वरचा उठला आणि डबा घेऊन खालच्याजवळ जाऊन बसला. राजम्याचा कप्पा त्यानं दोघांच्या मधे ठेवला. खालच्यानं त्याच्याकडे बघितलं, मग राजम्याकडे, आणि पावाचा तुकडा त्यात बुडवला.

''तूच सांगितलंस ना सुपरवायझरला?'' वरच्यानं विचारलं.

''हो.''

''मला विचारायचं होतंस आधी.''

''विचारलं होतं. तू म्हणालास, खुर्चीत बसलोय.'' खालचा सावकाश चावत होता. ''तुझ्या बुटांचे तळवे मला दिसत होते रे. चौथ्या टप्प्यावरून लोंबकळत होते.''

वरच्यानं आपल्या बुटांकडे बघितलं.

''आमची ही पण असंच म्हणायची,'' खालचा म्हणाला. ''जरा दम लागतो, बाकी काही नाही. आणि मी आपला मान डोलवायचो. वर्षभर मान डोलवली. तुझ्या बाबतीत मला ते पुन्हा करायचं नव्हतं. तू बोलला नाहीस तरी चालेल.''

चिमणीनं वर कुठंतरी रेडिओ लावला होता, त्याचा बारीक आवाज येत होता. वरच्यानं चण्यांचाही कप्पा पुढे सरकवला. खालच्यानं तेही चाखले. मग खालच्यानं मत दिलं की राजमा ठीक आहे, पण चण्यांत जीव नाही. वरचा म्हणाला की आठवडाभर तेच खाऊन बघ, मग जीव येतो.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला खालच्याच्या डब्याबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती दोन डबे भरू लागली. खालच्यानं अंडं मात्र सोडलं नाही. सोडायचं तू ठरवलंस, मी कुठं ठरवलंय, असं म्हणून तो रोज आधी अंडं सोलून खायचा आणि मग वरच्याच्या घरचा डबा उघडून चवीनं टीका करायचा. त्याच्या टीकेचा बायकोला उपयोगच झाला. कटलेटमध्ये उकडलेला बटाटा घाला, हा निरोप खालच्याचाच. दुसऱ्या दिवशी एकही कटलेट फुटलं नाही, आणि ती इतकी खूश झाली की तिनं डब्यात त्याच्यासाठी दोन जास्त ठेवले. हळूहळू वरच्याच्या जिभेलाही नवी वळणं लागली. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, पालेभाजीतला लसूण, पिकलेल्या टोमॅटोचा आंबटपणा हे सगळं आधीही ताटात असायचं, पण मांसाच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या गर्दीसारखं. आता ते एकेकटं ओळखू यायला लागलं.

चालण्याचं काय करायचं हा प्रश्न इमारतीनंच सोडवला. वरचा खाली आला तेव्हा तेरा मजल्यांचा सांगाडा उभा होता, काँक्रीटचे जिने झालेले होते, कडेला तात्पुरते पाइपचे कठडे. कामाच्या आधी अर्धा तास येऊन तो जिना चढू लागला. पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावर गुडघ्यांनी जाहीर संप पुकारला. दुसऱ्या आठवड्यात सहावा मजला गाठला. चौथ्या आठवड्यात एके सकाळी तो तेराव्या मजल्यावर पोहोचला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आता ही इमारत सोळा मजल्यांची झाली आहे. दर नऊ-दहा दिवसांनी एक नवा स्लॅब पडत होता. तो जसा चढत होता तशी इमारतही चढत होती. एकदा त्यानं सुपरवायझरला गमतीनं सांगितलं की जरा दमानं बांधा, मला गाठायची आहे.

चिमणीशीही त्याचं सूत जमलं. वारा जोराचा होता त्या दिवशी काचेची एक मोठी चौकट हुकावर गरगर फिरायला लागली आणि तिला ती थांबवता येईना. वरच्यानं खालच्याच्या हातातला वॉकीटॉकी मागून घेतला. घाई करू नकोस, चौकटीला तिचा एक फेरा पूर्ण करू दे, ती परत येते त्या क्षणी क्रेनचा हात तिच्याबरोबर न्यायचा, असं तो सांगत गेला. चौकट दोन फेऱ्यांत शांत झाली. ''आभारी आहे, काका,'' वरून आवाज आला. बोलताना खालून तो हूक किती मोठा दिसतो, हे वरच्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. वर बसून तो नखाएवढा दिसायचा.

सातव्या आठवड्यात त्याच्या थोरल्या भावाची साठी झाली. संध्याकाळी मोठं जेवण होतं. बायकोनं घरून निघतानाच त्याच्यासाठी वेगळा डबा घेतला होता. पण भावानं स्वतः भट्टीवर मांस भाजलं, स्वतः ताट भरून आणलं, आणि आपल्या धाकट्यासमोर धरून उभा राहिला. साठ वर्षांचा माणूस, डोळ्यांत लहानपणापासूनची तीच माया. वरच्यानं ताट घेतलं. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग ताट परत भरून घेतलं. खोटं कशाला, फार चांगलं लागलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मात्र तो खुर्चीत मोडून पडल्यासारखा बसून होता. दुपारी म्हणाला की संपलं सगळं, व्रत मोडलं ते मोडलंच, आता संध्याकाळी सॉसेज आण. बायको इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

''एक विचारू? भाऱ्यातून एक सळई निसटली, तर तुम्ही बाकीचा भारा खाली टाकून देता?''

''त्याचा इथं काय संबंध?''

''सांगा ना.''

''नाही. थांबवतो. खाली घेतो. पुन्हा बांधतो.''

''मग बांधा,'' ती म्हणाली आणि इस्त्री उचलली.

सिगारेटच्या तिन्ही वेळा वरचा असाच खुर्चीत बसला होता आणि तिन्ही वेळा उठून दुकानात गेला होता. संध्याकाळी तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि न विचारता कांदा चिरायला घेतला. त्यानं मसुरीचं सूप केलं. ते जरा करपलं, पण दोघांनी खाल्लं. सोमवारी सकाळी तो सतरा मजले चढला. पाय जड होते, आणि तो सारखा थांबत होता, पण चढला. आपल्याला अर्ध्यावरून पुन्हा सुरू करता येतं, ही गोष्ट त्याला चोपन्नाव्या वर्षी कळली. सतरा मजले चढल्यापेक्षाही त्याला याचंच जास्त नवल वाटलं. बायकोनं त्याच आठवड्यात चारही पँटींतल्या आतल्या पाचरी उसवून काढल्या. कोट राहू दिला. कोटाला अजून वेळ आहे, म्हणाली.

बारा आठवडे झाले. डॉक्टरनं पुन्हा काट्यावर उभं केलं तेव्हा त्र्याण्णव भरले. साखर हद्दीच्या आत परतली होती, रक्तदाब उतरला होता, गोळी निम्मी करायची ठरलं. चरबीचा आकडा तिनं या वेळी मोठ्यानं वाचला. तो अजून आदर्श वगैरे नव्हता, पण वाचण्यासारखा होता. पायरीची परीक्षा तीन मिनिटं पूर्ण झाली, आणि वरच्यानं आणखी एक मिनिट फुकट करून दाखवलं. तिनं सही करताना विचारलं, अधूनमधून मांस खावंसं वाटतं का? वरच्यानं सरळ सांगितलं की वाटतं, आणि भावाच्या साठीला खाल्लंही. तिनं मान हलवली आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्रेनच्या शिडीला लागला. चिमणीला शेजारच्या साइटवर मोठी क्रेन मिळाली होती, जाताना ती केबिनची काच आतून-बाहेरून पुसून गेली होती. वरचा दोनदाच टेकला, तेही खाली काय काय बदललं ते बघायला. खालचा मान वर करून शेवटपर्यंत उभा होता. केबिनमध्ये बसल्यावर वरच्यानं बटण दाबून सांगितलं की खुर्चीत बसलोय. खालच्यानं सांगितलं की दिसतंय.

सकाळभर काम मजेत झालं. सळया, विटा, पाण्याच्या टाक्या, हात काही विसरला नव्हता. साडेबाराला भोंगा झाला. वरच्यानं मांडीवर डबा उघडला. समोर सगळं शहर पसरलेलं, ऊन, लांबवर नदीची पट्टी. बायकोनं भोपळी मिरच्या भरून दिल्या होत्या. त्यानं एक खाल्ली, दुसरी अर्धी खाल्ली. खाली फळ्यांच्या ढिगावर एक ठिपका बसलेला दिसत होता. ठिपक्याचा हात डब्याकडे जात होता आणि तोंडाकडे जात होता. वॉकीटॉकीवर बोलता आलं असतं, पण जेवताना कोण बटण दाबत बसणार?

संध्याकाळी उतरल्यावर तो थेट सुपरवायझरकडे गेला आणि जेवायला खाली येण्याची परवानगी मागितली. सुपरवायझरला वाटलं हा थट्टा करतोय. एक तासाची सुट्टी, ती चढण्या-उतरण्यातच जाईल, असं तो म्हणाला. वरच्यानं त्याला हिशेब सांगितला. उतरायला सात मिनिटं, चढायला बारा, जेवायला एक्केचाळीस उरतात. बारा मिनिटांवर सुपरवायझरचा विश्वास बसेना. तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस अर्धा तास घेत होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी तो स्वतः घड्याळ लावून शिडीखाली उभा राहिला. साडेअकरा मिनिटं भरली. परवानगी मिळाली.

तेव्हापासून वरचा रोज दुपारी खाली येतो. पहिल्या दिवशी खालचा दचकून उभाच राहिला.

''काय बिघडलं वर?''

''काही नाही. भूक लागली.''

डबा त्या दिवशी वरच्यानं स्वतः केला होता. पालक आणि चणे. खालच्यानं अंडं सोललं, खाल्लं, मग पालकाचा घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. मीठ जास्त झालंय, म्हणाला. वरच्यानं चाखून बघितलं. झालं होतं. एवढी जीभ आहे तर उद्या तूच करून आण, असं तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी खालचा कामावर आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं एक पातेलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं पाव आणि अंड्यापलीकडे काही शिजवलं होतं. पांढऱ्या घेवड्याचा रस्सा, बटाटे जरा कच्चे, वर भरपूर कोथिंबीर. पातेलं चौघांना पुरेल एवढं होतं. दोघांनी ते शेवटपर्यंत संपवलं, आणि वर जायची वेळ झाली तेव्हा वरच्याला शिडी चढताना पहिल्यांदाच वाटलं की आज आपण जरा जास्तच जेवलो.